पन्नास सायकल

मी त्याचं वाजवणं समोरून कधी ऐकलंच नाही.
त्याच्या टेम्पोमागं माझा टेम्पो, त्यात जनरेटर,
कानात कापूस, डोळे व्होल्टमीटरवर.
गर्दी ओरडायच्या आधी काटा खाली यायचा,
दोनशे तीस, दोनशे दहा, कधी एकशे नव्वद,
तेवढ्यावरून कळायचं
पोरानं काहीतरी केलं.

भरमा हलगेकर. वडगावचा.
बाप मागावर, आई कांड्या भरायची.
पहिल्या बॅनरवर पेंटरनं घाईत लिहिलं: डीजे भ्रम.
भांडायला म्हणून गेला आणि बॅनर खांद्यावर टाकून आला.
"काका, कन्नडातबी अर्थ त्योच हाय.
दोन्हीकडं चालतंय."
मी म्हटलं, पेंटरला निम्मेच दे.
त्यानं पुरे दिले.

लॅपटॉप खडेबाजारातला, जुना, एन नसलेला.
म्हणायचा, नाही लिहिताच येत नाही,
म्हणून सगळ्या सुपाऱ्या घेतो.
सांबऱ्याची हळद, किणयेची वरात,
कंग्राळीत कुणाच्या म्हशीचा वाढदिवस.
लोकांना हवी हलगी आणि सिनेमाची गाणी.
स्वतःचं तो ठेवायचा साडेनऊनंतर,
पोलिसांची शिट्टी यायच्या आत, दोन मिनिटं.
देसूरला त्या दोन मिनिटांत नाच थांबला.
नवरदेवाचा मामा टेम्पोवर चढला, वायर उपटायला.
वाढप्यांतली एक पोरगी मात्र
जिलेबीचं ताट सरळ धरून
तशीच हलत राहिली.
रस्ताभर भरमा तिचंच सांगत होता.
मामा त्याच्या ध्यानातच नव्हता.

एका दुपारी मोबाईल घेऊन मशीनपाशी बसला.
"काका, सेल्फ मारा. बंद करा. परत मारा."
अर्धा लिटर डिझेल गेलं.
म्हणाला, तुमचं मशीन जी मध्ये गातंय,
पन्नास सायकल, म्हणजे जी, बोटभर वर.
अठरा वर्षं मी त्याला नुसता आवाज म्हणत होतो.
जी म्हणजे काय, विचारायचं राहिलं.

मग एक नोव्हेंबर.
चन्नम्मा सर्कलच्या मिरवणुकीचं बोलावणं, तिप्पट पैसे.
माझा थोरला भाऊ त्या सकाळी
दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत.
भरमाचा बापही.
"येताय की न्हाई गा, काका?"
डिझेलला कुठली भाषा, असलं काही मी बोललो नाही.
पोरीची फी भरायची होती. गेलो.
लाल-पिवळ्या पताकांखाली
काटा एकशे सत्तरवर थरथरला.
एवढा लोड मी कुठल्या वरातीत बघितला नव्हता.
स्वतःचं वाजवलं त्यानं, अकरा मिनिटं.
टेम्पोवर कुणी चढलं नाही.
पहाटे दाराशी त्यानं चपला हातात घेतल्या,
तेवढ्यात आतला दिवा लागला.
मी गिअर टाकला.
दुसऱ्या दिवशी त्याचा गाल मी बघितला,
तोही बघत होता मी बघतो का ते.

पुढं चोर्ला घाट उतरून गोवा.
समुद्रावरचं शॅक, दुपारी चारची वेळ,
समोर रिकाम्या खुर्च्या, त्यांच्या सावलीत एक कुत्रं.
फोनवर म्हणाला, "काका, हितं लाईट जात न्हाई."
बरं झालं, मी म्हटलं.
त्या महिन्यात मशीन दोनदाच बाहेर काढलं.

परवा टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेलं.
शेजारच्या कारमधून आलं:
सेल्फची घरघर, एक खोकला,
मग धरून ठेवलेला सूर, खाली ठोके.
आतली पोरं बोटांनी डॅशबोर्ड बडवत होती.
गेट उघडलं. मागचे हॉर्न मारायला लागले.
मी मान बाहेर काढून बसलो,
ते पुन्हा येईपर्यंत.
आलं, आणि खात्री झाली:
तिसरा नोझल तेव्हाच गळत होता.